सब्र कोणाच्या वाट्याला?

रमजान लागला की आमच्या नंदुरबारच्या मोहल्ल्यांतून एक वाक्य हमखास कानी पडते, "सब्र करो, रमजान का महीना है." बोलणारा बहुधा दस्तरखानावर बसलेला असतो आणि ऐकणारी चुलीपाशी उभी असते. सब्र हा मोठा सद्गुण आहे, याबद्दल वाद नाही. पण तो माणसाने स्वतःच्या अंगी बाणवायचा की दुसऱ्याकडून वसूल करायचा, हा प्रश्न आम्हा शिक्षिकांमध्ये वारंवार निघतो.

2025 चेच पाहा. दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च, आणि पहिला रोजा 2 मार्चला. चांद्र वर्ष 10-11 दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो. 2019 मध्ये तो मे महिन्यात, सुटीत होता; खानदेशचे ऊन सोसावे लागले, पण शाळा नव्हती. आता तो परीक्षांवर येऊन ठेपला. पहाटे उठून सहरी, मग पर्यवेक्षण, दुपारी पेपरांचे गठ्ठे, असरनंतर भजी, फळांच्या फोडी, सरबत. भांडी आटोपतात तोवर तरावीहची वेळ. शेवटच्या दहा दिवसांत सफाई, शिवणकाम, मुलांचे कपडे यांची भर. नोकरी न करणाऱ्या बहिणींचे याहून सोपे असते असे कोणी समजू नये. आणि जी मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जाते, तिने खकाण्यात बसून पाळलेल्या रोजाचे मोल आम्ही काय करावे!

मात्र जीव मेटाकुटीला येतो तो उपाशी राहून नव्हे. रोजा माणसाला हलका करतो. जड होते ते ताट, आणि शेजारच्या ताटाशी त्याची तुलना.

ही गोष्ट आमच्याच समाजाची नाही. त्याच मार्चमध्ये 13 तारखेला होळी होती. गुजरातेत मजुरीला गेलेली सातपुड्यातली आदिवासी कुटुंबे होळीसाठी गावी परततात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारातल्या खरेदीत किती घाम आणि मुकादमाकडून घेतलेली किती उचल असते, हे त्या भागात नोकरी केलेल्यांना विचारावे. सण कोणाचाही असो, खर्च पुरुषाच्या डोक्यावर आणि काम बाईच्या अंगावर पडते. पुरुषाची विवंचनाही खोटी नाही. ईदला लेकराच्या अंगावर नवा कपडा नसला तर बापाची मान खाली जाते. वास्तविक नवा कपडा ही शरीअतची अट नाही; असेल त्यातला चांगला आणि स्वच्छ पुरतो. बापाला मान खाली घालायला आपणच लावतो.

धर्माची मांडणी याहून फार दयाळू आहे. कुरआनात जिथे रोजाची आज्ञा आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सवलतही आहे. फित्रा तर ईदच्या नमाजाआधी द्यायचा, घरातल्या तान्ह्या मुलाचासुद्धा, म्हणजे त्या दिवशी गरिबाला हात पसरावा लागू नये. आधी दुसऱ्याची चिंता मिटवायची, मग आपली ईद. हा क्रम आपण मशिदीच्या दारापर्यंत पाळतो. घराच्या उंबऱ्याआत आणत नाही. हजरत आयशा यांच्या रिवायतीत पैगंबरसाहेब घरच्या कामात हातभार लावीत असे आले आहे. वाअझमध्ये ती रिवायत सांगितली जाते, माना डोलतात, आणि संध्याकाळी कांदा कोण चिरणार हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

काही बुजुर्ग म्हणतात, रोजेदाराला इफ्तार देण्यात मोठा सवाब आहे, तुम्ही पोरी हिशेब कशाला मांडता? सवाब आहेच. मग तो एकटीनेच का लुटावा? भावांनाही मिळू द्या की!

आमच्या ओळखीच्या काही घरांत थोडा बदल दिसू लागला आहे. परीक्षेच्या दिवसांत इफ्तारला खजूर, फळे आणि एकच पदार्थ. सहरीची भांडी मुलगे घासतात. पाहुण्यांना ईदच्या दुसऱ्या दिवशी बोलावतात. यावर नातेवाइकांत कुजबुज झाली, होणारच होती. चाँदरातीचे मात्र अजून सुटलेले नाही. बाजार उशिरापर्यंत फुललेला असतो, मुली मेहंदी लावून हात वाळवत बसतात, पुरुष चौकात चहा पितात, आणि शीरखुर्म्याच्या दुधापाशी मध्यरात्रीपर्यंत कोणी तरी एकटी उभी असते.