दुसऱ्याचे मूल

१९८५ साली आम्ही भोपाळला पिपलानी वसाहतीत राहत होतो. एके संध्याकाळी आमचा मुलगा ओठ फुटून घरी आला. शेजारी मामाकडे राहायला आलेल्या मुलाने त्याला ढकलले होते. आम्ही तडक जाऊन, "त्याला आमच्या मुलांत पाठवू नका," असे सुनावले. मामी हळूच म्हणाली, "गेल्या डिसेंबरात, गॅसच्या रात्री, याचे आईवडील गेले."

इश्माएल इसहाकाला हसला, तेव्हा सारेने त्याला घालवून देण्याचा हट्ट धरला (उत्पत्ती २१). देवाने अब्राहामास तिचे ऐकण्यास सांगितले खरे. पण रानात त्या मुलाची वाणीही ऐकली.

आपल्या लेकराला जपलेच पाहिजे. "मुकाट्याने सोस" असे त्याला सांगणे ही क्षमेची शिकवण नव्हे. मात्र "का ढकललेस?" हे आम्ही त्या मुलाला विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी विचारले. तो काही बोलला नाही. आमचा मुलगाही आठवडाभर त्याच्याशी खेळला नाही, आणि आम्ही आग्रह धरला नाही.