दाखला

धर्मग्रामाच्या कार्यालयात सर्वांत अधिक वेळा उच्चारला जाणारा शब्द कोणता, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एकच आहे : दाखला. महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा तर बाप्तिस्म्याचा दाखला, लग्न ठरले की दृढीकरणाचा दाखला, घरातील वडीलधारे माणूस गेले की दफनविधीचा दाखला. जुनी नोंदवही उघडायची, त्यातील एक ओळ कागदावर उतरवायची, खाली सही करून शिक्का मारायचा आणि कागद समोरच्याच्या हाती द्यायचा. रविवारी प्रवचनाला उभे राहिलो की तोंडी पुन्हा तोच शब्द येतो. प्रभू येशूने पेरणाऱ्याचा दाखला दिला, खमिराचा दाखला दिला, हरवलेल्या नाण्याचा दाखला दिला. मराठी भाषेने या दोन्ही गोष्टींना एकच नाव दिले आहे. त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे आम्हांला पुष्कळ वर्षे वाटले नव्हते. तो संबंध आमच्या धर्मग्रामातील एका केळीच्या बागाईतदाराने आम्हांला दाखवून दिला.

रोजच्या जीवनात देवाची शिकवण शोधावी, हा संस्कार आम्हां धर्मगुरूंवर सेमिनरीतच होतो आणि तो योग्यच आहे. आपल्या श्रद्धेचा पायाच मुळी शब्द देही झाला या सत्यावर उभा आहे. देव ज्या मातीत चालला, ज्या घरात जेवला, ज्या सुतारकामात घामाघूम झाला, ती माती, ते घर आणि ते काम यांना आता केवळ ऐहिक म्हणून बाजूला सारता येत नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी सर्व गोष्टींत देवाला शोधण्याचा मार्ग दाखविला आणि दिवस मावळताना त्या दिवसाकडे देवासमोर पुन्हा एकदा पाहण्याची सवय आपल्या अनुयायांना लावली. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले. त्या कामाची त्यांना स्वभावतःच नावड होती, तरीही तेथेच, भांड्यांच्या आवाजात, त्यांना देवाचे सान्निध्य लाभले. लिझ्यूच्या संत तेरेझाची गोष्ट तर अनेकांना ठाऊक असेल. मठात कपडे धूत असता समोरच्या सिस्टरच्या हातून मळके पाणी तिच्या तोंडावर उडे. मागे सरण्याचा मोह तिने आवरला आणि ते शिंतोडे भेट म्हणून स्वीकारले. अवघे चोवीस वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या संन्यासिनीला 1997 साली ख्रिस्तसभेने धर्मपंडिता ही पदवी दिली.

तेव्हा रोजच्या जीवनातून बोध मिळतो की नाही, हा आमचा प्रश्न नव्हे. तो मिळतोच. आमचा प्रश्न थोडा वेगळा आणि थोडा अडचणीचा आहे. वर उल्लेखिलेल्या संतांकडे पुन्हा पाहावे. लॉरेन्स यांना बोध झाला तो स्वतःच्या नावडीतून. तेरेझाला झाला तो स्वतःच्या तोंडावर उडालेल्या पाण्यातून. दुसऱ्याच्या तोंडावर पाणी उडत असताना काठावर उभे राहून त्यातून बोध काढण्याचा अधिकार कोणाला आहे काय? आणि असलाच, तर त्याची किंमत कोणती?

काही वर्षांपूर्वी आम्ही वसईतील एका धर्मग्रामात होतो. पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्री सोसाट्याचा वारा सुटला आणि सकाळी पाहतो तो अनेक वाड्यांतील केळी आडव्या झालेल्या. केळीचे खोड म्हणून आपण ज्याला म्हणतो ते खरे खोड नव्हेच. पानांचे देठ एकावर एक घट्ट बसून ते झालेले असते. खरे खोड जमिनीखाली, कंदात. त्यामुळे घड लागलेली केळ वाऱ्यापुढे फार काळ तग धरत नाही. टेकू दिले तरी ते टेकूंसह पडते. आणि अपक्व घडाला बाजारात कोण विचारतो? राजेळीची चांगली फळे असती तर ती उन्हात वाळवून त्यांची सुकेळी तरी करता आली असती. कोवळ्या फळांचे तेही होत नाही.

त्या आठवड्यात आम्ही एका बागाईतदाराच्या वाडीवरून जात होतो. थांबून चार शब्द बोललो. निघताना आमचे लक्ष एका पडलेल्या केळीच्या बुंध्याकडे गेले. त्याच्या शेजारी वीतभर उंचीचा, हिरवागार मुनवा वर आला होता. आमच्या मनात लगेच प्रवचन तयार झाले. केळ एकदाच फळते आणि संपते. परंतु तिच्या मुळाशी नवे जीवन आधीच उभे असते. मरण हा शेवट नव्हे. रविवारी आम्ही ते सारे रंगवून सांगितले. नाव घेतले नाही, पण वाडीचे वर्णन केले. भाविक तल्लीन झाले होते. मिस्सानंतर दारात उभे असताना दोघा-तिघांनी हात हातात घेऊन प्रवचनाची प्रशंसा केली. खोटे कशाला बोलावे, आम्ही सुखावलो.

सोमवारी तो बागाईतदार कार्यालयात आला. मुलाला मुंबईतील महाविद्यालयात अल्पसंख्याकांसाठी राखीव जागेवर प्रवेश हवा होता, म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला पाहिजे होता. आम्ही नोंदवही काढली. लिहिता लिहिता विचारले, कालच्या मिस्साला होता ना? तो म्हणाला, “होतो, फादर. तिसऱ्या बाकावर.” मग थोडा वेळ तो गप्प राहिला आणि म्हणाला, “मुनवा वर येतो ते खरं आहे, फादर. पण त्याला घड धरून तो तयार व्हायला वर्ष जातं. ते वर्ष कसं काढायचं, ते काल तुम्ही सांगितलं नाही.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर आम्हांला उत्तर सुचले असते. आम्ही सही केली, शिक्का मारला, कागद त्याच्या हाती दिला. तो आभार मानून निघून गेला. आम्ही मात्र बराच वेळ त्या उघड्या वहीसमोर बसून राहिलो.

आमचे प्रवचन चुकीचे होते काय? त्यातील एकही वाक्य श्रद्धेविरुद्ध नव्हते. पुनरुत्थान सत्य आहे; मुनवाही सत्य आहे. चूक सत्यात नव्हती, घाईत होती. शुक्रवार पाहिल्याबरोबर आम्ही रविवार सांगून मोकळे झालो होतो. आपली ख्रिस्तसभा मात्र तशी घाई करीत नाही. गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्यामध्ये ती पवित्र शनिवार ठेवते. त्या दिवशी वेदी उघडी असते, रात्रीच्या जागरणविधीपर्यंत मिस्सा होत नाही. ख्रिस्तसभा प्रभूच्या कबरेजवळ थांबते. बागाईतदाराने विचारलेले वर्ष म्हणजे त्याचा शनिवार होता, आणि त्या शनिवारी त्याचा धर्मगुरू त्याच्याजवळ नव्हता. तो व्यासपीठावर होता.

पवित्र शास्त्रात या चुकीचे चित्र फार पूर्वीच रेखाटलेले आहे. ईयोबाचे तीन मित्र त्याचे दुःख ऐकून दुरून आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोलला नाही. आमच्या मते त्या तिघांच्या हातून घडलेले सर्वांत पवित्र कृत्य तेच. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि ईयोबाच्या दुःखातून बोध काढावयास प्रारंभ केला. त्यांचे बोल धार्मिक होते, व्यवस्थित होते, कित्येक ठिकाणी सुंदरही होते. आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे.

प्रभू येशूने तर हा मोह स्पष्ट शब्दांत मोडून काढला. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, त्या घटनेचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात आहे. मेलेले लोक इतरांहून अधिक पापी होते, असा अर्थ लोकांनी काढू नये म्हणून प्रभूने त्यांना थांबविले आणि बोधाचे टोक ऐकणाऱ्यांकडेच वळविले : पश्चात्ताप तुम्हांला हवा आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. त्यांना त्या आंधळ्यात एक प्रश्न दिसला, प्रभूला माणूस दिसला. त्याने माती कालवली आणि ती त्याच्या डोळ्यांना लावली.

येथे कोणी म्हणेल की मंदिरातील दानपेटीजवळच्या गरीब विधवेकडे प्रभूनेही बोट दाखविले होते. होय, दाखविले. परंतु मार्कच्या शुभवर्तमानात त्या प्रसंगाच्या अगदी आधीचे वाक्य वाचावे. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा धिक्कार करून मगच प्रभू त्या दोन नाण्यांविषयी बोलला. ज्याने विधवेचा कैवार घेतला, त्यालाच विधवेचा दाखला देण्याचा अधिकार होता. शिवाय नाझरेथमध्ये त्याने सुमारे तीस वर्षे काढली होती. आईने पिठात कालवलेले खमीर, दिव्यासाठी जपून वापरलेले तेल, केरात शोधलेले नाणे, हे सर्व त्याने प्रथम जगून घेतले. तीस वर्षे तो त्या माणसांत राहिला, मग तो त्यांच्याविषयी बोलला. आम्ही वाडीत दहा मिनिटे थांबलो होतो.

त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा त्या वाडीत गेलो. काय बोलावे हे ठरविले नव्हते. बागाईतदार पडलेल्या केळी तोडून बाजूला करीत होता. आम्ही विहिरीच्या काठावर बसलो. तोही फारसे बोलला नाही. केळीचे खोड बाहेरून हलके दिसते, पण आत पाणी भरलेले असल्याने ते विलक्षण जड असते, हे आम्हांला त्या दिवशी कळले, कारण थोड्या वेळाने तो म्हणाला, “फादर, ते टोक जरा धरता का?” आम्ही झगा वर खोचला आणि टोक धरले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी पंधरा-वीस खोडे बांधावर नेऊन टाकली. केळीच्या रसाचे डाग झग्यावरून आजही गेलेले नाहीत. त्याने आमच्याकडे पैसे मागितले नाहीत. सेंट विन्सेंट दी पॉल सोसायटीच्या मंडळींनी मुलाच्या पहिल्या वर्षाच्या फीचा काही भार उचलला, तोही पुष्कळ समजूत घातल्यावर. पुढील वर्षी वाडी पुन्हा उभी राहिली, परंतु निम्मीच. उरलेल्या जमिनीचे काय करायचे, हे ठरविणे त्याला अजून जमलेले नाही. सारे पूर्ववत झाले, असा शेवट आम्हांला करता आला असता तर बरे वाटले असते.

आता हेही आम्ही एक दाखला म्हणूनच सांगत नाही काय? ही शंका आम्हांला आली, म्हणून लिहिण्यापूर्वी आम्ही त्याला विचारले. तो हसून म्हणाला, “लिहा, पण नाव नको. आणि वर्षाचं लिहायला विसरू नका.”

हा मोह केवळ धर्मगुरूंचा आहे असे समजू नये. मृताच्या घरी सांत्वनाला गेलेला प्रत्येक जण त्यात सापडतो. देवाची इच्छा, देव आपल्या आवडत्यांनाच परीक्षेत घालतो, यातूनही काही चांगले निघेल, ही वाक्ये आपल्या ओठांवर तयारच असतात. हल्ली तर ती भ्रमणध्वनीवर फुलांच्या चित्रासह पाठविता येतात, दारापर्यंत जाण्याचीही गरज उरत नाही. ती वाक्ये खोटी असतात असे नव्हे. परंतु ती ज्याच्या तोंडी शोभतात, तो माणूस बहुधा दुःख सोसणारा स्वतः असतो. ईयोबाने म्हणावे की देवाने दिले, देवाने नेले. ते ईयोबाला सांगण्याचे काम शेजाऱ्याचे नव्हे. शेजाऱ्याने स्वयंपाक करून डबा न्यावा, पोरांना शाळेत सोडावे, पडलेल्या खोडाचे टोक धरावे.

मग रोजच्या जीवनातून बोध घेऊच नये काय? अवश्य घ्यावा. तो कसा घ्यावा, याचे उत्तर आम्हांला अखेर आमच्या कार्यालयातील साध्या कागदानेच दिले. दाखल्यावर एका माणसाचे नाव असते. तो दुसऱ्याच्या नावे चालत नाही. दाखला प्रथम ज्याचा त्याच्या हाती द्यायचा असतो, चारचौघांत वाचून दाखवायचा नसतो. आणि दाखल्याखाली देणाऱ्याची सही असते. सहीवाचून तो कोरा कागद. व्यासपीठावरील दाखल्यालाही हेच तीन नियम लावावेत असे आम्हांला वाटते. आपल्याला झालेला बोध आधी आपल्या नावे लिहावा. दुसऱ्याच्या जीवनातून काही उमगले, तर ते लोकांना सांगण्यापूर्वी त्याच्याकडे जावे. आणि जे बोलायचे, त्याखाली आपल्या कृतीची सही असावी.

त्यानंतर आम्ही केळीवर प्रवचन केलेले नाही. परंतु दर पवित्र शनिवारी दुपारी, उघड्या वेदीसमोर क्षणभर उभे राहिलो की त्या वाडीची आठवण होते. मुनवा वर आला आहे, घड अजून दूर आहे, आणि मधले वर्ष कोणीतरी एकटाच काढतो आहे. त्याच्या ओझ्याचे दुसरे टोक धरण्याइतके बळ प्रभू आपणां सर्वांना देवो.