देगलूर नाक्यावरील खानावळ

नांदेडच्या देगलूर नाक्याकडे दिवेलागणीला ज्या लहान खानावळी उघडतात, ज्यांच्या दारात पत्र्याच्या लांबट शेगडीवर लोखंडी सिखा ओळीने मांडलेल्या असतात आणि आत बगारा खान्याची, म्हणजे फोडणीच्या भाताची, डेग ओल्या फडक्याने झाकून ठेवलेली असते, त्यांच्यातील बैलाच्या मांसाविषयी आजवर जो वाद झाला तो धर्माच्या आणि फौजदारी कायद्याच्या परिभाषेत झाला. मराठवाड्याच्या शेतीचा एक हिशेब या शेगडीपाशी येऊन मिटत असे, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूलाच पडली.

विद्यार्थिदशेत लातूरहून नांदेडास आल्यावर मी अशाच एका खानावळीत नित्य जेवत असे. बकऱ्याच्या मांसाहून मोठ्याचे, म्हणजे बैल-म्हशीचे, मांस पुष्कळ स्वस्त, म्हणून मोंढ्यातील हमाल, रिक्षावाले, कुरेशी मोहल्ल्यातील कारागीर आणि महाविद्यालयात शिकणारी दलित मुले एकाच बाकावर दाटीने बसत, आणि गावात ज्याच्या हातचे पाणी चालत नाही त्याच्या ताटाला ताट लागले तरी कोणी चौकशी करीत नसे. सार्वजनिक सहभोजनाचे समारंभ मी पुष्कळ पाहिले आहेत. परंतु भाषणाशिवाय घडणारे सहभोजन मला तेथेच पाहावयास मिळाले. दलितांच्या स्वयंपाकघरातील मांसाचे प्रकार शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात नोंदविले, तोवर आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांना त्यांची दखल घ्यावीशी वाटली नव्हती.

या ताटाची मुळे गोठ्यात होती. देवणी आणि लाल कंधारी या गोवंशाच्या जाती लातूर व नांदेड या आमच्या दोन जिल्ह्यांची भूषणे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात वा माळेगावच्या यात्रेत खोंडाची जोडी घेणारा कुणबी तिला पोटच्या पोराप्रमाणे वाढवी, पोळ्याला तिची पूजा करी, आणि औताला निरुपयोगी झालेला बैल डोळ्यांत पाणी आणून विकी. त्या विक्रीतून आलेली रक्कम नव्या जोडीच्या किमतीत पडे. या व्यवहारात दांभिकता शोधणाऱ्यांनी कोरडवाहू जमिनीच्या धन्याची आमदनी एकदा वहीत मांडून पाहावी. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीस मनाई केली, तरी काम, पैदास वा दूध यांस निरुपयोगी ठरलेल्या अन्य जनावरांसाठी दाखल्याची वाट मोकळी ठेवली होती. निरुपयोगी बैलांवर सरसकट बंदी घालणे अवाजवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली म्हटले होते. २००५ साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो विचार फिरविला. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीस २०१५ च्या प्रारंभी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांनाही बंदी लागू झाली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. पुढच्याच वर्षी लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. माणसांना पाणी नाही, गुरांना कडबा नाही, आणि दावणीला बांधलेला म्हातारा बैल कत्तलीसाठी विकण्याची मुभा नाही, अशा स्थितीत त्या वर्षी रयतेने काय सोसले, याचा पंचनामा कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

अनेक वर्षांनंतर मी त्याच खानावळीत गेलो. बाभळीच्या कोळशावर सीख फिरविण्याची तऱ्हा तीच, दोन तुकड्यांमध्ये एक चरबीचा तुकडा ओवण्याची रीतही तीच; मात्र पूर्वी जी चरबी पिवळसर दिसे ती आता पांढरी शुभ्र होती, आणि मांस अधिक काळसर व चिवट, म्हणून त्याला कच्च्या पपईचा लेप लावून बराच वेळ ठेवावे लागते, असे चालकांनी सांगितले. आता येथे फक्त म्हशीचे मांस शिजते. ते कायदेशीर आहे. तरीही मी न विचारता त्यांनी गल्ल्याखालून खरेदीच्या पावत्यांची जाड फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. निरपराधित्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे या कायद्यातील कलम मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली रद्द ठरविले आहे. तो भार या गृहस्थाच्या मनावरून मात्र उतरलेला नाही, आणि ज्या राज्यात गिऱ्हाइकासमोरही पावती दाखवावीशी वाटते, त्या राज्यातील नागरिक निर्भय आहे असे मी म्हणणार नाही. बाकावर पूर्वीची दाटी नव्हती. खान्याची चव उत्तम होती, आणि ताट अजूनही हमालाच्या खिशाला परवडेल अशा दरात मिळते, हे आवर्जून लिहितो.

गोवंशाविषयीची श्रद्धा मला परकी नाही. माझ्या घरी देवणीची दावण होती. परंतु श्रद्धेचा खर्च सर्वस्वी कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि कुरेशी खाटकांच्या माथी मारणे हा न्याय होऊ शकत नाही. पशुवैद्यकाने तपासून निरुपयोगी बैलाचा दाखला देण्याचा जुना शिरस्ता शासनाने पुन्हा चालू करावा, आणि तो होईतो प्रत्येक म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीचा खर्च सरकारी तिजोरीतून द्यावा, अशी माझी मागणी आहे.