तूट कोणाच्या खाती?

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी खेळाडू विद्यार्थ्याची जी ओढाताण होते, तिच्यावर ‘समतोल साधावा’ एवढा एकच उपाय वडीलधाऱ्यांच्या मुखी असतो. परंतु दिवसाचे तास, देहाची शक्ती आणि मनाची एकाग्रता ही तिन्ही जिला एकाच वेळी अपुरी पडत आहेत, अशा एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीला समोर बसवून, हा समतोल म्हणजे मंगळवारी सायंकाळी पाच वाजता नेमके कोठे असणे, हे सांगण्याचे कष्ट त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी घेतलेले असतात. माझ्या एका जुन्या स्नेह्याची कन्या यंदा धाराशिवहून पुण्यास विज्ञान शाखेत शिकावयास आली. खो-खोचे वेड तिने गावाहूनच आणले होते, आणि त्यात नवल नाही; ज्या जिल्ह्यातल्या सारिका काळे यांना २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तेथल्या मुलींना हा खेळ केवळ शाळेच्या तासाचा वाटत नाही. महाविद्यालयाच्या संघात तिचे नाव लागले, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी एका रविवारी ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या बोलण्यात उत्साहापेक्षा थकवाच अधिक होता. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकविण्यात गेलेल्या माझ्यासारख्या मनुष्याला तिने जे विचारले, ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत नव्हते.

“काका, मी खेळ सोडू का?”

“का सोडावासा वाटतो, ते आधी सांग.”

“पहाटे सहाला मैदानावर जाते, अकराला प्रात्यक्षिकं, पाचला पुन्हा मैदान. नऊला वसतिगृहात जेवते आणि पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत डोळे मिटतात. परवा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टायट्रेशन होतं. सूर मारताना अंगठा सोलला होता, त्याला पट्टी बांधलेली. ब्युरेटची तोटी हळू फिरवायची तर बोटांत ताकदच नव्हती. फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं असतं. माझ्या हातून तीनदा जास्त पडलं आणि फ्लास्क गडद झाला. शेजारचीचं वाचन उतरवून घेतलं. मॅडमनी जर्नलवर सही केली, पण ते वाचन माझं नव्हतं.”

तिने हे सांगितले तेव्हा तिची मान खाली होती. आणि मला तत्क्षणी असे वाटले की हिला छळणारी गोष्ट थकव्याहून निराळी आहे, पण तिचे नाव आपण घेण्याची घाई करू नये.

“ह्या पेचाचा विचार,” मी म्हणालो, “प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये फार स्पष्टपणे केलेला आहे. केवळ व्यायामात वाढलेला मनुष्य रासवट होतो आणि केवळ विद्येत वाढलेला मवाळ होतो, म्हणून दोन्ही हवीत, हे तर तो सांगतोच. पण पुढे उच्च शिक्षणाचा क्रम ठरविताना, तरुणांच्या सक्तीच्या व्यायामाची जी दोन-तीन वर्षे असतात त्यांत दुसरे काहीही शिकविणे शक्य नाही, कारण श्रम आणि निद्रा ही अध्ययनाची वैरी आहेत, असेही तो निःसंदिग्धपणे मान्य करतो. तुझे डोळे मिटतात त्यात तुझा दोष नाही. एका वेळी एकच, हा त्याचा मार्ग.”

“त्याच्या नगरात ती दोन वर्षं कोण पोसणार होतं?”

“नगरच.”

“मग माझ्या नगरात तसं नाही. माझं एक वर्ष गेलं तर बाबांची एका वर्षाची फी जाते.”

“लोकमान्य टिळकांनाही वडिलांचे छत्र मॅट्रिकच्या सुमारासच अंतरले होते, आणि तरीही डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यात घातले. तालीम, पोहणे, भरपूर आहार. तेच पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाले. त्या वर्षात अभ्यासाची तूट येणार, हे त्यांनी आधीच स्वतःशी कबूल केले होते. ती त्यांच्यावर अवचित कोसळली नाही.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर जे बोलली ते आवाज न चढविता.

“काका, ते मुलगा होते. मी नापास झाले तर घरी कोणी असं म्हणणार नाही की हिनं शरीर कमावलं. म्हणतील, शिक्षण झेपत नाही, स्थळं बघा. आई माझ्या बाजूची आहे, पण तिचं चालत नाही. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, असं काय काय सांगून मी इथवर आले. आणि खरं सांगू? संघात माझं नाव आहे, पण मैदानात उतरणाऱ्या नऊ जणींत नाही. मी राखीव आहे. सगळी सकाळ-संध्याकाळ देते ती बाहेर बसण्यासाठी.”

हा आक्षेप मला पूर्णांशाने मान्य करावा लागला. थोरांची उदाहरणे देताना त्यांच्या त्यागाचे वर्णन आपण तपशिलाने करतो, परंतु त्या त्यागास मुभा देणारी जी परिस्थिती त्यांच्या भोवती होती, ती मात्र हिशेबात धरीत नाही. प्रा. दि. ब. देवधर संस्कृतचे अध्यापन करीत असतानाच क्रिकेट खेळत राहिले, आणि १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या घरात होते. विद्या आणि क्रीडा एका देहात सुखाने नांदू शकतात ह्याचा याहून सुंदर दाखला महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. पण तो दीर्घ आयुष्यभर पसरलेला समतोल होता. हिला तो एका सत्रात, परीक्षा आणि आंतरमहाविद्यालयीन सामने एकाच पंधरवड्यात येत असताना साधावयाचा आहे.

“मला एक सुचतं,” ती म्हणाली. “खो मिळाला की एक दिशा धरायची, मग खांबापर्यंत माघारी वळता येत नाही. धावक मागे निसटला तर आपण कितीही जोरात पळलो तरी उपयोग नाही. त्या दिशेला तोंड करून बसलेलीला खो द्यायचा. शेजारशेजारच्या दोघी उलट दिशांना तोंड करून बसतात त्या त्यासाठीच. म्हणजे एकटीनं दोन्हीकडे पळायचंच नाही. तसं काही करता येईल का?”

“उपमा सुंदर आहे, पण ती कोठे संपते हेही पाहा. खो देणारी जिला उठविते तिच्याच जागी स्वतः बसते. जागा रिकामी राहत नाही. परीक्षेच्या बाकावर तुझ्या जागी कोण बसणार?”

“कोणी नाही. मी शेजारचीचं वाचन घेतलं ते तसंच झालं, नाही का? तिला खो दिला आणि जागेवर मात्र मीच बसले असं दाखवलं.”

मी जे नाव घेण्याचे टाळले होते, त्याच्या जवळ ती आपण होऊन आली. मग तिने उरलेलेही सांगितले. कॅप्टनला एकदा ‘गावी जायचंय’ असे सांगून ती ग्रंथालयात बसली होती. प्रयोगशाळेत एकदा ‘ताप होता’ असे सांगितले होते. आणि जिमखान्याच्या पत्रावर खेळाडूंना हजेरीची जी सवलत मिळते, त्या पत्रात सराव नसलेले दोन दिवसही कोणीतरी घातले, तेव्हा ती गप्प राहिली होती. सत्रासाठी पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असते आणि ती भरली नाही तर परीक्षेस बसता येत नाही, हे भय त्या मौनामागे होते.

“तर मग ऐक,” मी म्हणालो. “अभ्यास आणि संघ ह्यांपैकी एकाकडे तूट येणारच. दोन्हीकडे थोडथोडी येईल. तूट येणे हा अपराध नव्हे. ज्याच्या पदरी ती पडते त्याला ती न सांगणे, आणि तो तुझ्यावर भरवसा ठेवून बसला असताना त्याला अंधारात ठेवणे, एवढाच ह्यातला खरा अन्याय आहे. संघाला ज्या दिवशी तू हवी आहेस त्या दिवशी तू नसशील, तर ते आधी कळण्याचा त्यांचा हक्क आहे, कारण त्यांना जागा भरावयाची आहे. जे वाचन तुझे नाही त्यावर सही करणाऱ्या शिक्षिकेचाही तसाच हक्क आहे. तू दोन्हीकडे पूर्ण देते आहेस असे भासविण्यात जी शक्ती घालवितेस, ती तुझ्या पळण्यातूनही जाते आणि वाचण्यातूनही.”

“खरं बोलणं नऊ जणींतल्यांना परवडतं, काका. त्यांच्यावाचून संघाचं अडतं. राखीव मुलीनं सांगितलं की गुरुवारी मी येणार नाही, तर पुढच्या यादीत तिचं नाव नसतं. प्रात्यक्षिकाचंही तेच. कबूल केलं की गुण गेले.”

हे वाक्य मी पुष्कळ वेळ मनात घोळवीत राहिलो, आणि त्याचे उत्तर तिच्याकडून मागणे अन्यायाचे आहे, असे माझे मत झाले. दुबळ्याने सत्य बोलावे अशी ज्यांची अपेक्षा असते, त्यांनी ते बोलण्याची किंमत अगोदर कमी करून ठेविली पाहिजे. संस्था, प्राचार्य, जिमखान्याचे प्रमुख ह्यांचे हे कर्तव्य सवलतीच्या पत्रापाशी संपत नाही. मी तिला खाशाबा जाधवांची हकिकत सांगितली. १९५२ साली हेलसिंकीस कुस्तीत कांस्यपदक मिळविणाऱ्या त्या गोळेश्वरच्या मल्लास तेथवर जाण्यास पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्याच्यापाठी एका शिक्षकाने स्वतःच्या खाती घेतलेली तूट होती. आपण खेळाडूच्या जिद्दीचे पोवाडे गातो ते योग्यच आहे, परंतु प्रत्येक महाविद्यालयात चुकलेले एखादे प्रात्यक्षिक रविवारी पुन्हा घेण्यास तयार असलेला एक शिक्षक असता, तर अशा किती मुलींचे खेळ वाचले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो.

“आमच्याकडे तसं कोणी आहे का, ते मला माहीत नाही,” ती म्हणाली.

“विचारल्यावाचून कळणारही नाही. विभागप्रमुखांच्या नावे अर्ज कर. कोणते दिवस सराव असतो, कोणते प्रयोग चुकले, कोणत्या मुदतीत भरून द्यावयाचे आहेत, एवढेच लिही. ताप लिहू नकोस.”

“आणि ते वाचन?”

“ते तुझे तू ठरव.”

तिने पिशवीतून वही काढली आणि तेथेच तारखा मांडल्या. प्रात्यक्षिकाच्या आदल्या सायंकाळी मैदानावर जावयाचे नाही, असे तिने ठरविले. त्यामुळे यंदा नऊ जणींत जागा मिळणार नाही, हेही तिने आपणच त्याखाली लिहिले, आणि मी ते खोडावयास सांगितले नाही. पहाटेचा सराव तिने ठेविला. रसायनशास्त्रात पहिल्या वर्गाची आशा मात्र तिने सोडली. ते लिहिताना तिचा हात थोडा अडखळला.

“असं करून मी दोन्हीकडे मधलीच राहिले तर?”

“राहशीलही. ह्या वर्षी तरी राहण्याचाच संभव अधिक. खेळणे हे तुला पदकासाठी हवे आहे की त्या मैदानावाचून तुला करमत नाही म्हणून, हे त्यानंतरच कळेल. आज, एवढ्या थकव्यात, ते तुला कळणार नाही, आणि मला तर मुळीच नाही.”

ती उठली तेव्हा मी विचारले, आधी कोणाकडे जाणार, मॅडमकडे की कॅप्टनकडे. अर्जाला मुदत आहे, म्हणून मॅडमकडे, असे उत्तर मला अपेक्षित होते.

“कॅप्टनकडे,” ती म्हणाली. “मॅडम फार तर गुण कापतील. ती आणि मी एका खोलीत राहतो, काका. गावी जाते म्हणाले होते त्या दिवशी, मी लवकर परत येईन म्हणून तिनं माझा डबा झाकून ठेवला होता.”