फ्लॅप काढावेत की बदलावेत

अंबरनाथ (पूर्व)

चि. बाळास,


तुझ्या स्कोडा लॉराच्या मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला, उल्हासनगरच्या मेकॅनिकने स्कॅनर लावून पी २०१५ हा कोड काढला आणि ‘फ्लॅपच काढून टाकू, कायमची कटकट मिटेल’ असं सांगितलं, हे तुझ्या आईकडून कळलं. येत्या रविवारी गाडी त्याच्याकडे टाकणार आहेस म्हणे. त्याआधी हे पत्र नीट वाच.

माझं मत आधीच सांगतो. तुझ्या लॉराचे फ्लॅप काढू नकोस. आणि कानसईतला तुझा तो मित्र जुनी डिझेल बीएमडब्ल्यू चालवतो, त्याला मात्र फ्लॅपचं काम लांबवू नकोस म्हणून सांग. दोघांना दोन वेगळी उत्तरं देतोय, कारण दोघांची इंजिनं वेगळी आहेत. काढायचं की बदलायचं हे बॉनेटखाली कुठलं इंजिन आहे त्यावर ठरतं. मेकॅनिकला काय सोपं पडतं, त्यावर नाही.

आधी हा फ्लॅप करतो काय ते समजून घे. तुझ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा आत येण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट अशी वळवलेली असते की तिच्यातून आलेली हवा सिलिंडरमध्ये गरगर फिरत उतरते. दुसरी नुसतं पोट भरण्यासाठी. इंजिन हळू चालत असताना फ्लॅप ही दुसरी वाट बंद ठेवतो, म्हणजे सगळी हवा पहिल्या वाटेने घुसते आणि भोवरा जोरदार होतो. त्या भोवऱ्यात डिझेलचा फवारा हवेत चांगला मिसळतो, पुरता जळतो, काजळी कमी होते. आरपीएम वाढले, पाय जोरात पडला, की फ्लॅप उघडतो आणि दोन्ही वाटा मोकळ्या होतात.

आता यावरून तूच ठरव, ‘फ्लॅप काढले की पिकअप वाढतो’ या बोलण्यात किती अर्थ आहे. जोरात चालताना ते उघडेच असतात, तेव्हा काढून वर काही मिळत नाही. तोटा होतो तो खालच्या आरपीएमला. आणि तुझी गाडी बहुतेक वेळ खालच्याच आरपीएमला असते. बदलापूरहून निघून आनंदनगर एमआयडीसीत कामावर, संध्याकाळी परत, मध्ये स्टेशनची गर्दी, कधी उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधलं हे चालवणं. फ्लॅपची गरज सगळ्यात जास्त लागते ती याच चालवण्यात.

बीएमडब्ल्यूची गोष्ट वेगळी का, ते सांगतो. त्यांची एम ४७ हे चार सिलिंडरचं आणि एम ५७ हे सहा सिलिंडरचं इंजिन, ही दोन्ही डिझेल इंजिनं या फ्लॅपपायी जगभर बदनाम झाली. कंपनीने चेन्नईत २००७ साली कारखाना सुरू केला, त्यानंतरच्या काही वर्षांतल्या ५३०डी सारख्या गाड्यांतून एम ५७ आपल्याकडे चांगलंच फिरलं. त्यातला फ्लॅप धातूचा, बारीक दांड्यावर बसवलेला, आणि जुन्या रचनेत तर चिमुकल्या स्क्रूंनी धरलेला. वर्षानुवर्षं हवेचे धक्के आणि कंप खाऊन तो दांडा थकतो आणि एक दिवस तुटतो. तुटलेला तुकडा जायला एकच जागा असते, सिलिंडर. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये एखाद्या मिलिमीटरच्या आसपासच जागा उरते. तिथे पोलादी स्क्रू सापडला की पिस्टनवर खड्डे, व्हॉल्व्ह वाकडे, आणि तोच तुकडा एक्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बोची पातीही घेऊन जातो. आधी दिवा लागत नाही, आवाज येत नाही. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला पूर्वसूचना न देता मोडणाऱ्या भागाचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. कंपनीने पुढे फ्लॅपची रचना मोठी आणि मजबूत केली, पण कुठल्या गाडीत कुठली रचना आहे हे उघडल्याशिवाय पैजेवर सांगू नये.

म्हणून त्या इंजिनांत फ्लॅप काढून त्या जागी भोक बुजवणारी ब्लँकिंग प्लेट बसवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. धूर थोडा वाढेल हे मान्य, पण आख्खं इंजिन जाण्याच्या बदल्यात तो हिशोब मला पटतो. पैशाची तयारी असेल तर सुधारित रचनेचा नवा मॅनिफोल्ड, म्हणजे फ्लॅप ज्यात बसतात तो हवेच्या वाटांचा भाग, हा त्याहून चांगला मार्ग. प्लेट घ्यायची तर माप बघून, कारण जुन्या फ्लॅपची भोकं २२ मिलिमीटरची आणि नंतरची ३३ ची. चार सिलिंडरला चार, सहाला सहा. आपल्या एमआयडीसीत कुठलाही बरा लेथवाला ॲल्युमिनियमची प्लेट काढून देईल, पण तिला ओ-रिंगची खाच नीट हवी आणि स्क्रू लॉक केलेले हवेत. ओ-रिंग नसली तर टर्बोची हवा तिथून गळते, बाजूने ऑइल पाझरतं आणि मग लोक फ्लॅपला शिव्या देत बसतात.

मित्राला हेही सांग, की मॅनिफोल्ड उतरवला की सगळे फ्लॅप आणि सगळे स्क्रू मोजून टेबलावर मांडायला लावायचे. एकही कमी भरला तर इंजिनला स्टार्टर मारायचा नाही, आधी तो तुकडा शोधायचा. हेडची भोकं उघडी असेपर्यंत त्यांवर टेप. ग्लो प्लग त्याच मॅनिफोल्डच्या खाली असतात, थकले असतील तर तेव्हाच बदलावेत. आणि क्रँककेसचा ब्रीदर तपासावा. ही वाफ वाहून नेणारी नळी चोंदली तर इंजिनातल्या ऑइलची धुंद हवेच्या वाटेत जाते.

तुझ्या लॉरात असं काही नाही. तुझी गाडी २०११ ची, कॉमन रेल २.० टीडीआय. तिचा मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा, फ्लॅपही प्लॅस्टिकचे, तुटून आत जाण्याची भीती नसल्यात जमा. पी २०१५ या कोडचा अर्थ इतकाच, की फ्लॅपच्या मोटरमधला सेन्सर जी जागा सांगतोय ती संगणकाला पटत नाही. बहुतेकदा कारण दोनपैकी एक. ईजीआरमधून परत आलेल्या धुराची काजळी आणि ब्रीदरची ऑइलची धुंद मिळून डांबरासारखा लगदा होतो, त्यात फ्लॅपचा दांडा जाम बसतो. किंवा मोटर आणि दांडा यांना जोडणारा प्लॅस्टिकचा हात झिजतो आणि फ्लॅप ठरलेल्या जागेच्या पुढे जातो.

या गाडीत फ्लॅप काढले तर दांड्याची भोकं उरतात. ती एम-सील किंवा एपॉक्सीने बुजवतात. गरम-थंड होऊन तो गोळा सुटला तर आत जाणारा तुकडा तूच तयार केलास असं होईल. शिवाय बीएमडब्ल्यूच्या त्या जुन्या इंजिनांत बहुतेकदा फ्लॅप व्हॅक्यूमवर चालतो, नळी बंद केली की संगणक गप्प बसतो. तुझ्याकडे सेन्सर आहे. फ्लॅप गेले तरी दिवा जाणार नाही. मग तुझा मेकॅनिक सॉफ्टवेअर बदलायला सांगेल, किंवा रेझिस्टर लावून संगणकाला फसवू म्हणेल. एका छोट्या हातासाठी गाडीचा मेंदू उघडण्याचं काहीही कारण नाही.

तर असं कर. मॅनिफोल्ड उतरवून आधी फ्लॅप हाताने हलवून बघायला सांग. जाम असतील तर मॅनिफोल्ड आणि हेडची भोकं पूर्ण साफ करून घे. हात झिजला असेल आणि बाकी सगळं सुटसुटीत हलत असेल, तर त्याला मर्यादेत ठेवणारा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट मिळतो, तो चालतो. फ्लॅपच ढिले पडले असतील तर मोटरसकट नवा मॅनिफोल्ड घे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना मिळेल, पण पुरात बुडालेल्या गाडीची मोटर घेऊ नकोस. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस आपल्या बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली तेव्हा गाड्यांचं काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज दिसला की माल परत. बसवताना नवीन गॅस्केट, आणि शेवटी स्कॅनरने फ्लॅपची जागा नव्याने शिकवून घ्यायची. हे शेवटचं राहिलं की दिवा परत लागतो.

ईजीआरही बंद करून टाकू, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण. आधीच तुझ्या गाडीतलं इंजिन त्या घराण्यातलं, ज्याच्या सॉफ्टवेअरने प्रदूषणाच्या चाचण्या फसवल्याचं २०१५ साली उघड झालं. त्या डिसेंबरात भारतातही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर झालं, त्यात स्कोडाही होत्या. तुझ्या गाडीचं ते काम झालंय का, हे चेसिस नंबर देऊन विचारून घे.

पीयूसी मिळते ना, मग झालं, असंही कुणी म्हणेल. पीयूसीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धूर मोजतात. फ्लॅप काम करतो तो रस्त्यावर, भार घेऊन हळू चालताना. ती काजळी त्या यंत्राला दिसत नाही, गाडीमागच्या रिक्षावाल्याच्या छातीत मात्र जाते. जून २०२१ मध्ये बदलापूर एमआयडीसीत गॅसगळती झाली त्या रात्री तुझी आई खिडक्या लावून बसली होती, विसरू नकोस. अंबरनाथ, बदलापूर, वालधुनीच्या काठचं उल्हासनगर, इथल्या हवेने आधीच पुष्कळ सोसलंय. आपल्या सायलेन्सरमधून त्यात भर घालायचा हक्क आपल्याला नाही, असं मी मनापासून मानतो. बीएमडब्ल्यूला मी सूट दिली ती इंजिन मरू नये म्हणून, सोयीसाठी नाही.

दुरुस्तीनंतर महिन्यातून दोन-तीनदा गाडी लांब ने. तळोजा-पनवेल करून एक्स्प्रेसवे गाठ, घाट चढव, इंजिन नीट तापू दे. नुसतं शहरात फिरवलं की काजळी पुन्हा साचते.

गाडीला १५ वर्षं पूर्ण झाली की पुन्हा नोंदणीसाठी तपासणीला न्यावीच लागेल. म्हणून जे काम करशील त्याचं बिल आणि काढलेले जुने भाग पिशवीत घालून ठेव. रविवारी मेकॅनिकला फक्त मॅनिफोल्ड उतरवायला सांग. उतरवला की फोटो मला पाठव, आणि मी बघेपर्यंत पुढचं काम थांबव.

तुझा,
मामा