अजित वाडेकर : फलंदाज मॅनेजर होतो तेव्हा
अजित वाडेकर (1941–2018) हे मुंबईच्या परंपरेत वाढलेले डावखुरे फलंदाज. 1966-67 च्या रणजी हंगामात त्यांनी म्हैसूरविरुद्ध 323 धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये 47 च्या सरासरीने पंधरा हजारांवर धावा त्यांच्या नावावर आहेत. कसोटीत मात्र 37 सामन्यांत 2113 धावा आणि एकच शतक : 1968 मध्ये वेलिंग्टनला काढलेले 143. तरीही भारतीय क्रिकेटमधले त्यांचे स्थान या आकड्यांवरून ठरत नाही. सामन्याचा रंग ओळखणारी नजर आणि दुसऱ्याच्या गुणांवरचा भरवसा, ही त्यांची खरी कमाई.

1971 मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने ते कर्णधार झाले. वेस्ट इंडीज दौऱ्यात किंग्स्टन कसोटीचा पहिला दिवस पावसात वाया गेला. सामना चार दिवसांचा उरल्यामुळे फॉलोऑनसाठी 200 ऐवजी 150 धावांची आघाडी पुरेशी होती. भारताकडे 170 धावांची आघाडी होती. वाडेकरांनी सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीला उतरवले. सामना अनिर्णित राहिला, पण दबाव कोणावर आहे हे दोन्ही संघांना कळून चुकले. पुढे पोर्ट ऑफ स्पेनला विजय मिळाला आणि त्यासोबत मालिकाही. त्याच वर्षी इंग्लंडविरुद्ध ओव्हलवर चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 बळी घेतले आणि भारतासमोर विजयासाठी 173 धावांचे लक्ष्य उरले. शेवटच्या दिवशी सकाळीच 45 वर धावबाद झालेले वाडेकर ड्रेसिंग रूममध्ये चक्क झोपी गेले. उरलेले काम सहकारी पार पाडतील, याची त्यांना खात्री होती. ती खरी ठरली.

1974 मध्ये इंग्लंडने 3-0 असा धुव्वा उडवला. लॉर्ड्सवर संघ 42 धावांत गारद झाला आणि वाडेकरांची कारकीर्द तिथेच संपत आली. यशाइतकीच ही नामुष्कीही पुढे उपयोगी पडली. हरलेल्या ड्रेसिंग रूममध्ये काय बोलावे आणि काय बोलू नये, हे ती सोसलेल्यालाच उमगते.

नव्वदच्या दशकात ते अझरुद्दीनच्या संघाचे मॅनेजर झाले. कर्णधार असताना त्यांचा भर बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन यांच्या फिरकीवर होता. मॅनेजर असतानाही तेच दिसले : 1993 मध्ये कुंबळे, राजू आणि चौहान या तिघांच्या फिरकीवर भारताने इंग्लंडला मायदेशात 3-0 ने हरवले. 27 मार्च 1994 रोजी ऑकलंडच्या एकदिवसीय सामन्यात मान आखडल्यामुळे सलामीवीर सिद्धू खेळू शकत नव्हता. तेंडुलकरने सलामीची संधी मागितली आणि अझरुद्दीन व वाडेकर यांनी ती दिली. त्याने 49 चेंडूंत 82 धावा फटकावल्या आणि एकदिवसीय क्रिकेटला त्याचा सर्वात मोठा सलामीवीर मिळाला. 1996 च्या विश्वचषकात संघाने उपांत्य फेरी गाठली. पुढे वाडेकर राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षही झाले.

फलंदाजाचे यश धावफलकावर त्याच्या नावापुढे लागते, मॅनेजरचे मात्र दुसऱ्यांच्या नावापुढे. हा बदल मनापासून स्वीकारणे अनेक मोठ्या खेळाडूंना जड जाते, कारण स्वतःच्या कौशल्याचीच मोजपट्टी ते सर्वांना लावतात. वाडेकरांनी कर्णधारपदाच्या काळातच सहकाऱ्यांवर विसंबायला शिकून घेतले होते. म्हणून मॅनेजरपद त्यांच्यासाठी नवा व्यवसाय नव्हता. मैदानावर सुरू केलेलेच काम त्यांनी सीमारेषेबाहेरून पुढे नेले.