कच्चे, पक्के आणि पारख

हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे ओळखले जाते. परंतु या परिसरातील औंढा नागनाथ या ज्योतिर्लिंगक्षेत्राशी ज्ञानमीमांसेतला, म्हणजे ज्ञान खरे कशावरून ठरते याच्या विचारातला, एक जुना प्रश्न जोडलेला आहे. आपल्याला झालेले ज्ञान खरे आहे हे ज्याचे त्यालाच कळते, की त्यासाठी दुसऱ्याची पारख लागते?

परंपरा सांगते की संतांच्या मेळाव्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाका कुंभार यांनी मडकी पारखण्याचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेव शिंपी कच्चे ठरले. ज्यांच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोलतो अशी ख्याती होती, त्यांनाच हा निर्णय ऐकावा लागला. पुढे गुरूच्या शोधात गेल्यावर औंढ्याच्या देवळात विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले त्यांना दिसले, आणि ते पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे लिंगच प्रकटू लागल्यावर देव एका मूर्तीपुरता नाही हा बोध त्यांना झाला. या कथेत लिंगाचा चमत्कार अधिक लक्षात राहतो. तत्त्वविचाराच्या दृष्टीने मात्र थापटण्याचा प्रसंग अधिक मोलाचा आहे, कारण अनुभव कितीही उत्कट असला तरी त्याची पूर्णता अनुभव घेणाऱ्याने स्वतःच जाहीर करायची नसते, असे तो सांगतो.

भारतीय दर्शनांत यावर दीर्घ वाद झाला आहे. मीमांसकांनी स्वतःप्रामाण्य मानले, म्हणजे ज्ञान उपजतच प्रमाण असते आणि बाधक कारण पुढे आले तरच ते सोडावे लागते. नैयायिकांनी परतःप्रामाण्य मानले, म्हणजे ज्ञानाचे खरेपण त्या ज्ञानाबाहेरच्या कसोटीवर, विशेषतः त्यानुसार केलेली कृती सफळ होते की नाही यावर, ठरते. गोरोबांचे थापटणे नैयायिकांच्या बाजूचे दिसते.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांच्या समुदायांत हाच प्रश्न रोजच्या कामाचा होऊन बसला आहे. ड्रुपल ही संकेतस्थळे उभारण्याची मुक्त प्रणाली आहे. मुक्त म्हणजे जिचा कोड कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा अशी. बेल्जियमच्या ड्रीस बॉयटार्ट यांनी ती 2001 साली खुली केली. तिच्यातील दोष दुरुस्त करणारा कोडचा तुकडा, ज्याला पॅच म्हणतात, तो लिहिणाऱ्याने स्वतःच ‘तपासून झाला’ असे ठरवायचे नसते. दुसऱ्या कोणीतरी तो चालवून, वाचून तसा शेरा द्यावा लागतो आणि त्यानंतरच तो मूळ कोडात घेण्याचा विचार होतो. फेब्रुवारी 2016 मध्ये मुंबईच्या आयआयटीत या समुदायाची आशियातील पहिली ड्रुपलकॉन भरली. अशा परिषदांत व्याख्यानांबरोबरच स्प्रिंट, म्हणजे एकत्र बसून कोड लिहिण्याचे सत्र असते, आणि त्यात अनुभवी मंडळी नवख्यांना शेजारी बसवून त्यांचा पहिला पॅच पुढे नेण्यास मदत करतात.

तपासणी दूर राहूनही होते, मग प्रवास आणि खर्च करून एकत्र का जमावे, ही शंका रास्त आहे. नैयायिकांच्या न्यायसूत्रांत, चौथ्या अध्यायात, तिचे उत्तर सापडते. तिथे ज्ञान दृढ होण्यासाठी त्याच विद्येच्या जाणकारांशी संवाद करावा असे सांगितले आहे, आणि तो शिष्य, गुरू, सहाध्यायी अशांशी, ज्यांच्या मनात असूया नाही त्यांच्याशी करावा, अशी अटही घातली आहे. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांत दोष पाहणे. न पाहिलेल्या माणसाने दाखवलेली चूक अपमानासारखी वाटू शकते. ज्याच्याबरोबर जेवण झाले, ज्याची स्वतःची अडलेली कामे ऐकली, त्याच्या शेऱ्यात असूया शोधणे कठीण जाते. नामदेव दुखावले गेले, ही गोष्ट परंपरेने लपवलेली नाही. तरीही ते औंढ्याला गेले; कच्चे म्हणणारी माणसे त्यांच्याच मेळ्यातली होती. कुंभाराने शिंप्याला पारखले आणि अधिकार जातीचा किंवा ग्रंथाचा न राहता अनुभवाचा ठरला, हेही या मेळ्याचे मोठेपण आहे.

संतमेळा आणि ड्रुपलची परिषद या दोन्हींत एक भेद मात्र राहतो आणि तो पुसून टाकणे योग्य नाही. परिषदेत पॅच पारखला जातो, माणूस नव्हे. तो नाकारला गेला तरी लिहिणाऱ्याचे आत्मज्ञान पणाला लागत नाही. संतमेळ्यात माणूसच पारखला जातो, म्हणून तिथली कसोटी अधिक कठोर असते. सिद्धेश्वरसारख्या गावातील एखाद्या तरुणाला ड्रुपलचा सगळा कोड विनामूल्य मिळतो, पण त्याचा पॅच पारखणारी मंडळी मुंबईत किंवा त्याहून दूर जमतात, आणि तिथवर जाण्याचे भाडे, राहण्याची सोय व प्रवेशशुल्क हा भार त्याच्यावरच पडतो. औंढ्याची वाट नामदेवांना पायी चालता आली. कोड मुक्त ठेवणाऱ्या समुदायांनी ही पारखही तितकीच मुक्त मानली, तर जमण्याच्या जागा निवडताना हिंगोली, परभणी, नांदेड यांचाही विचार त्यांना करावा लागेल.